पाण्यातले क्षार जातात कुठे? पारनेरच्या काळ्या पाषाणापासून आरओच्या पडद्यापर्यंत

१/ पारनेर तालुक्यातील वडगाव दर्या येथे दर्याबाई-वेल्हाबाईच्या देवस्थानाजवळ एक कपार आहे. तिच्या छतातून पाणी ठिबकते आणि त्या ठिबकण्यातून वरून खाली, तसेच खालून वर वाढणारे लवणस्तंभ तयार झाले आहेत. एरवी असे स्तंभ चुनखडीच्या प्रदेशातील गुहांत आढळतात. येथे ते काळ्या पाषाणाच्या मुलखात दिसतात, म्हणून त्यांचे नवल अधिक. थेंब हातावर घेतला तर तो नितळ असतो. तरीही त्याच थेंबांतून दगड घडला आहे.

२/ नितळ पाणी आणि निखळ पाणी यांतला हा फरक आहे. पाण्यात तरंगणारा गाळ काढणे माणसाला हजारो वर्षांपासून जमते. पाण्यात विरघळलेला खडक काढणे मात्र फार उशिरा जमले, आणि ज्या ज्या रीतीने जमले तिची काही ना काही किंमत मोजावी लागली. त्या रीतींचा आणि त्या किमतीचा हा इतिहास. पारनेरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात ती किंमत पाण्यातच मोजावी लागते, म्हणून हा विषय तेथे केवळ रसायनशास्त्राचा राहत नाही.

३/ आरंभ खडकापासून करावा लागेल. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरांवर थर साचून दख्खनचे पठार बनले. त्या बेसाल्ट खडकात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम असलेली खनिजे आहेत. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते. ते मुरूम आणि फुटक्या खडकातून झिरपताना ही खनिजे हळूहळू कुरतडते. निघोजच्या कुकडीपात्रातील रांजणखळगे पाण्याने दगडगोटे फिरवून कोरले; ती झीज डोळ्यांना दिसते. ही दुसरी झीज दिसत नाही, ती विहिरीच्या पाण्यात उतरते.

४/ हे विरघळलेले द्रव्य मोजण्याची साधने नव्हती, तेव्हाही लोकांना ते ठाऊक होते. मराठीत पाण्याला खारट, मचूळ, जड, हलके अशी विशेषणे आहेत. जड पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, कारण पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशींना बांधणाऱ्या पेक्टिनला घट्ट करते. स्वयंपाकघरात त्यावर चिमूटभर खायचा सोडा हा उपाय होता. पाठ्यपुस्तकांनी अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हटले, म्हणजे ज्याला साबणाचा फेस नीट येत नाही ते.

५/ साबण हा स्निग्धाम्लांचा क्षार असतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमशी गाठ पडताच त्याचा न विरघळणारा चोथा होतो आणि फेस मरतो. रिठा आणि शिकेकाई यांचा फेस सॅपोनिन या वेगळ्या द्रव्यामुळे येतो, म्हणून जड पाण्याच्या गावांतही त्यांचे काम चालत असे. बंबाच्या आतल्या बाजूला धरणारा पांढरा थर हाही त्याच पाण्याचा. पाणी तापले की बायकार्बोनेट मोडते आणि कॅल्शियम कार्बोनेट धातूवर बसते. वडगाव दर्याच्या कपारीत जे उष्णतेवाचून सावकाश घडते, ते बंबात रोज सकाळी घडत असे.

६/ पाणी स्वच्छ करण्याची भारतीय परंपरा जुनी आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय दिले आहेत. त्यांत कतक म्हणजे निवळीचे बी आहे, आणि कापडही आहे. निवळीचे बी माठाच्या आत घासले की त्यातील द्रव्ये मातीच्या कणांना एकत्र आणतात आणि गाळ तळाशी बसतो. तुरटीही तेच करते. ही उत्तम तंत्रे आहेत, आणि आजच्या जलशुद्धीकरण केंद्रांतील पहिली पायरी त्याच तत्त्वावर चालते. परंतु निवळीने खारे पाणी गोडे होत नाही.

७/ कारण साधे आहे. मातीचा कण कितीही बारीक असला तरी तो कणच असतो. तो बसतो किंवा गाळणीत अडकतो. मीठ किंवा चुना पाण्यात विरघळला की त्याचे कण उरत नाहीत. विद्युत्भारित आयन पाण्याच्या रेणूंच्या वेढ्यात सुटे फिरतात आणि त्यांचा आकार नॅनोमीटरच्या आतला असतो. कापड, वाळू, कोळसा, मेणबत्तीच्या आकाराच्या चिनी मातीच्या गाळण्या यांपैकी कशाचीही छिद्रे इतकी सूक्ष्म नसतात. आयन वेगळे करायचे तर तीनच वाटा उरतात: पाणी उचलून घेणे, आयन बदलून घेणे किंवा फक्त पाण्यालाच वाट देणारा पडदा शोधणे.

८/ पहिली वाट ऊर्ध्वपातनाची. समुद्राच्या पाण्याची वाफ थंड केली तर गोडे पाणी मिळते, हे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने नोंदवले होते. भारतीय रसशास्त्रात पदार्थ वाफेच्या रूपाने एका भांड्यातून दुसऱ्यात नेण्यासाठी यंत्रे होती. रसरत्नसमुच्चयात तिर्यक्पातन यंत्राचे वर्णन आहे. त्यांचा उपयोग औषधे आणि पारा यांसाठी होई. पिण्याच्या पाण्यासाठी ही रीत परवडणारी नव्हती. पाणी उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्या सगळ्या पाण्याची वाफ करायला लागते.

९/ म्हणून ऊर्ध्वपातित पाणी दवाखाने, प्रयोगशाळा आणि गॅरेजे यांपुरते राहिले. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. तो रस्ता पारनेर तालुक्यातील सुप्यावरून जातो. गाडीच्या शिशाच्या बॅटरीत विहिरीचे पाणी घालून चालत नाही. त्यातील लोह आणि क्लोराइड पट्ट्यांची नासाडी करतात. जेथे माणसे खारट पाणी पिऊन दिवस काढत, तेथून जाणाऱ्या वाहनाच्या बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर लागे. क्षारमुक्त पाण्याची गरज यंत्रांना माणसांच्या आधी लागली, हा या इतिहासातील महत्त्वाचा धागा आहे.

१०/ ती गरज सर्वांत आधी वाफेच्या बॉयलरला लागली. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि अहमदनगर वाफेच्या इंजिनांच्या वाटेवर आले. बॉयलरमध्ये रोज हजारो लिटर पाण्याची वाफ होते, पण क्षार मागे राहतात. त्यांचा दगडी थर उष्णतेला अडवतो, कोळसा अधिक जळतो, आणि थर फार जाड झाला तर त्यामागचा धातू अतितप्त होऊन बॉयलर फुटण्याचा धोका असतो. जगभरच्या रेल्वे आणि गिरण्या या एका कारणासाठी पाणी ‘मऊ’ करण्याच्या मागे लागल्या.

११/ पहिला व्यवहार्य उपाय ॲबरडीनचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये पेटंट केला. तो विलक्षण होता: चुना काढण्यासाठी पाण्यात चुनाच घालायचा. चुन्याची निवळी घातली की पाण्यातले विद्राव्य कॅल्शियम बायकार्बोनेट अविद्राव्य कार्बोनेटमध्ये बदलते, आणि घातलेला चुना व मूळचा चुना दोन्ही मिळून तळाशी बसतात. पाण्याचा जडपणा मोजण्यासाठी क्लार्क यांनी साबणाच्या द्रावणाची चाचणी बसवली. टिकाऊ फेस यायला किती साबण लागतो, यावरून अंश ठरत. नदीकाठी कपडे धुणाऱ्या बायकांची परीक्षा तीच होती; तिला आता आकडा मिळाला.

१२/ दुसरी वाट, म्हणजे आयन बदलून घेण्याची, एका शेतीच्या प्रश्नातून उघडली. इंग्लंडमधील जमीनदार एच. एस. थॉम्पसन यांना खतातील अमोनिया पावसाने वाहून का जात नाही, याचे कुतूहल होते. त्यांनी मातीच्या थरातून अमोनियम सल्फेटचे द्रावण ओतले. खाली आले ते कॅल्शियम सल्फेट. मातीने अमोनियम ठेवून घेतला होता आणि बदल्यात कॅल्शियम दिला होता. जे. थॉमस वे यांनी १८५० पासून यावर पद्धतशीर प्रयोग प्रसिद्ध केले. नगर-सोलापूरकडच्या काळ्या मातीत हीच देवाणघेवाण मोठ्या प्रमाणावर चालते. तिच्या सुपीकतेचे ते एक कारण आहे.

१३/ १८५८ मध्ये जर्मनीच्या आइकहॉर्न यांनी दाखवले की झिओलाइट वर्गातील खनिजे हीच अदलाबदल करतात आणि ती उलटही फिरवता येते. झिओलाइट हे नाव स्वीडनचे क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये दिले होते. दख्खनचा बेसाल्ट या खनिजांसाठी जगप्रसिद्ध आहे. लाव्हातील वायूंच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांचे स्फटिक वाढले. पुणे-नगर रस्त्यावरील वाघोलीच्या खाणी आणि नगर जिल्ह्यातील राहुरीचा परिसर यांतील स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. ज्या खडकाने विहिरी जड केल्या, त्याच्याच पोटात पाणी मऊ करणाऱ्या कुळातील खनिजे होती.

१४/ कारखान्यांसाठी मात्र कृत्रिम झिओलाइट सोयीचे ठरले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट गान्स यांनी ते तयार केले आणि ‘परम्युटिट’ या नावाने ते बाजारात आले. पाणी या दाण्यांच्या टाकीतून गेले की कॅल्शियम-मॅग्नेशियम दाण्यांना चिकटतात आणि त्यांच्या जागी सोडियम पाण्यात उतरतो. दाणे भरून गेले की त्यांवरून मिठाचे तीव्र द्रावण सोडायचे; ते पुन्हा कामाला तयार होतात. आज इमारतींच्या गच्चीवर किंवा तळघरात बसवलेला ‘वॉटर सॉफ्टनर’ याच तत्त्वावर चालतो.

१५/ येथे एक गैरसमज दूर व्हावा. सॉफ्टनरचे पाणी मऊ होते, पण क्षारमुक्त होत नाही. एका क्षाराच्या जागी दुसरा येतो. क्षार पूर्ण काढण्याची किल्ली १९३५ मध्ये सापडली. इंग्लंडच्या टेडिंग्टन येथील प्रयोगशाळेत ॲडम्स आणि होम्स यांनी कृत्रिम रेझिने बनवली. एक रेझिन पाण्यातले धन आयन घेऊन हायड्रोजन देते, दुसरे ऋण आयन घेऊन हायड्रॉक्सिल देते. हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल एकत्र आले की पाणीच बनते. क्षाराच्या जागी पाणी! बॅटरीच्या दुकानात मिळणारे ‘डीएम वॉटर’ ते हेच; डीएम म्हणजे डीमिनरलाइज्ड, निर्खनिज.

१६/ भारतात १९६४ मध्ये ब्रिटनच्या परम्युटिट कंपनीची उपकंपनी म्हणून ‘आयन एक्स्चेंज’ ही मुंबईस्थित कंपनी सुरू झाली. पुढे ती पूर्णतः भारतीय झाली. औष्णिक वीजकेंद्रे, खत कारखाने, औषधनिर्मिती यांना असे पाणी अपरिहार्य होते. परंतु रेझिन पुन्हा ताजे करायला आम्ल आणि कॉस्टिक सोडा लागतो, आणि ते सर्व खारट सांडपाण्यात जाते. पाणी जितके खारे, तितकी रसायने अधिक. बॉयलरसाठी हा खर्च पेलतो. गावच्या हंड्यासाठी तो पेलत नाही. त्यासाठी तिसऱ्या वाटेची प्रतीक्षा होती.

१७/ तिसऱ्या वाटेचे बीज १७४८ मधले. फ्रान्सचे ॲबे नोले यांनी मद्यार्क भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचा पडदा बांधून ते पाण्यात बुडवले. पडदा फुगत गेला; पाणी आत शिरत होते. या क्रियेला पुढे परासरण म्हणजे ऑस्मोसिस म्हटले गेले. व्हान्ट हॉफ यांनी १८८० च्या दशकात परासरण दाबाचे गणित मांडले. १९०१ मधील रसायनशास्त्राचे पहिले नोबेल त्यांना मिळाले. पाणी पातळ द्रावणाकडून घट्ट द्रावणाकडे जाते. परासरण दाबाहून अधिक दाब दिला तर ते उलट दिशेने जाईल, असे गणित सांगत होते. गणिताला हवा तसा पडदा मात्र नव्हता.

१८/ १९५० च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात चार्ल्स रीड आणि त्यांचे सहकारी ब्रेटन यांना सेल्युलोज ॲसिटेटच्या पडद्यातून पाणी जाते आणि मीठ अडते असे आढळले. पण पाणी इतके सावकाश येई की त्याचा उपयोग नव्हता. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास तोडगा काढला. त्यांनी असा पडदा बनवला की ज्याचा वरचा अतिसूक्ष्म थरच क्षार अडवी, आणि खालचा जाड भाग सच्छिद्र राहून नुसता आधार देई. पाणी पूर्वीच्या अनेक पटींनी वाहू लागले. घरोघरच्या ‘आरओ’चा, म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिसचा, जन्म तो.

१९/ १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोलिंगा या गावात या तंत्राचे पहिले नागरी संयंत्र चालू झाले. तेथील भूजल इतके खारट होते की पूर्वी पिण्याचे पाणी रेल्वेच्या टाक्यांतून आणावे लागे. महाराष्ट्राला हे चित्र परके नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. फरक एवढाच की कोलिंगाजवळ पाणी होते पण ते खारे होते, लातूरजवळ पाणीच उरले नव्हते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो. आरओ पाणी निर्माण करत नाही, असलेल्या पाण्याची वाटणी करते.

२०/ भारतात या विषयाचे काम भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने केले. ती १९५४ मध्ये स्थापन झाली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पाक्कम येथे समुद्राचे पाणी गोडे करणारे संयंत्र उभारले. त्यात ऊर्ध्वपातनाने दिवसाला ४५ लाख लिटर आणि आरओने १८ लाख लिटर अशी क्षमता आहे. नागपूरच्या नीरीने १९७० च्या दशकात फ्लोराइडसाठी ‘नलगोंडा तंत्र’ दिले: तुरटी आणि चुना, इतकेच. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील फ्लोराइडच्या गावांना असे स्वस्त उपाय फार मोलाचे होते.

२१/ याच काळात पारनेरसारख्या तालुक्यांत भूजलाकडे जाण्याची रीत बदलली. पूर्वीचे आड आणि विहिरी मुरूम व वरच्या फुटक्या खडकातले पाणी घेत. ते दरवर्षीच्या पावसाने बदलणारे पाणी होते. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींचा वेग वाढला. सोलापूरकडच्या अनुभवातून विकसित झालेला इंडिया मार्क टू हा हापसा गावोगावी आला आणि त्याने असंख्य वस्त्या तारल्या. पुढे विजेचे पंप आले आणि शेतीसाठी बोअर खोल खोल गेले. खडकाच्या सान्निध्यात पाणी जितका काळ राहते, तितकी खनिजे ते साधारणपणे अधिक घेते. खोल बोअरचे पाणी जड लागते ते म्हणून.

२२/ मग गावात आरओ प्लांट आला. कार्ड किंवा नाणे टाकले की पाच-दहा रुपयांत वीस लिटरचा जार भरतो. लग्नकार्यातही जारचे पाणी रूढ झाले. मुतखडा आणि सांधेदुखी जड पाण्यानेच होतात, असा समज या प्रसारामागे मोठा आहे. तो शास्त्राने तितक्या सरळपणे मान्य केलेला नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम ही शरीराला लागणारी द्रव्ये आहेत. नायट्रेट आणि फ्लोराइड यांचे मात्र धोके सिद्ध आहेत. पाणी उकळल्याने ते जात नाहीत, उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते. तेथे आरओचा पडदा खरोखर कामाचा आहे.

२३/ आता किमतीचा हिशेब. समजा, बोअरच्या १०० लिटर पाण्यात लिटरमागे १,२०० मिलिग्रॅम क्षार आहेत. प्लांटने त्यातून ४० लिटर पाणी दिले आणि त्यात लिटरमागे ६० मिलिग्रॅम उरले. मग उरलेल्या ६० लिटरमध्ये लिटरमागे १,९६० मिलिग्रॅम क्षार येतात, कारण क्षार कुठेही नाहीसे झालेले नसतात. हे पाणी गटारात किंवा शोषखड्ड्यात जाते; शोषखड्डा बोअरच्याच परिसरात असेल तर ते त्याच खडकात परत उतरते. घरगुती यंत्रांत तर कित्येकदा एका लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाहून जाते. टँकरने पाणी येणाऱ्या वस्तीत हा व्यवहार महाग आहे.

२४/ या प्रश्नाची दखल राष्ट्रीय हरित लवादाने घेतली. २० मे २०१९ च्या आदेशात त्याने सांगितले की जेथे विरघळलेले एकूण क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे आरओला मनाई असावी, आणि जेथे परवानगी आहे तेथे ६० टक्क्यांहून अधिक पाणी वापरात यावे. ५०० हा आकडा भारतीय मानक १०५०० मधला आहे. पर्यायी स्रोत नसेल तर ते मानक २,००० पर्यंत सूट देते. म्हणजे वरच्या उदाहरणातील १,२०० चे पाणी नाइलाजाने चालणारे, आणि गटारात सोडलेले १,९६० चे पाणी त्या सुटीच्या अगदी काठावरचे.

२५/ पारनेरच्या इतिहासात मात्र एक दुसरा प्रयोगही आहे आणि त्याला कोणी क्षार काढण्याचे तंत्र म्हटले नाही. अण्णा हजारे १९७५ मध्ये लष्करी सेवेतून राळेगणसिद्धीला परतले, तेव्हा ४०० ते ५०० मिलिमीटर पावसाचे ते गाव दुष्काळाने खंगलेले होते. गावाने श्रमदानातून गळका पाझर तलाव दुरुस्त केला, नाला बांध घातले, उतारावर चर खोदले, झाडे लावली आणि अधिक पाणी पिणारी पिके टाळली. विहिरींना पाणी आले. त्या कामाची चर्चा पाण्याच्या प्रमाणाच्या अंगाने पुष्कळ झाली. गुणवत्तेच्या अंगानेही ती व्हायला हवी.

२६/ पाऊस हे सूर्याच्या उष्णतेवर झालेले ऊर्ध्वपातन आहे. समुद्राची वाफ होते, क्षार मागे राहतात, आणि ढगातून पडणाऱ्या पाण्यात क्षार अत्यल्प असतात. ॲरिस्टॉटलने भांड्याविषयी जे लिहिले ते आकाशात रोज घडते, आणि त्याचे इंधन कोणाला विकत घ्यावे लागत नाही. हे पाणी वरच्या थरात मुरवले की ते जुन्या जड पाण्यात मिसळते आणि त्याची तीव्रता उतरवते. शिवाय उथळ विहिरीला पाणी राहिले तर खोल बोअरची गरज कमी पडते. पाझर तलाव हे अशा रीतीने क्षार कमी करण्याचेही साधन ठरते आणि त्यातून वाया जाणारे पाणी निघत नाही.

२७/ शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजारने १९९० च्या दशकापासून हाच विचार पुढे नेला. सरपंच पोपटराव पवार यांच्या काळात गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि पावसाच्या नोंदीवरून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत पाडली. ताळेबंद पाण्याचा असला तरी त्याचा परिणाम क्षारांवरही होतो, कारण खोलवरचे जुने पाणी उपसण्याची वेळ येत नाही. अर्थात पुनर्भरण हा सर्व क्षारांवरचा उतारा नाही. शेतात ओतलेल्या युरियाचा नायट्रेट मुरणाऱ्या पाण्याबरोबरच खाली जातो, आणि खडकातच असलेला फ्लोराइड केवळ बांधाने हटत नाही. अशा ठिकाणी यंत्र लागेलच.

२८/ म्हणून यंत्र घ्यावे की नाही, या प्रश्नाच्या आधी तीन प्रश्न येतात. पाण्यात नेमके काय विरघळले आहे? एकूण क्षारांचा एकच आकडा पुरेसा नाही. जडपणा, नायट्रेट आणि फ्लोराइड वेगळे तपासावे लागतात, आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळांत ती सोय आहे. दुसरा, त्यातले काय काढायचे आहे? नुसता जडपणा खुपत असेल, तर तो काढण्याच्या आरओहून साध्या रीती १८४१ पासून ठाऊक आहेत. तिसरा, काढलेले जाणार कुठे? भांडी, फरशी, शौचालय यांसाठी ते वापरता येते. पिकाला सतत घातले तर काळी जमीन क्षारपड होते.

२९/ क्लार्कच्या टाकीत क्षार गाळ होऊन बसले, गान्सच्या दाण्यांतून ते मिठाबरोबर वाहून गेले, ॲडम्स-होम्सच्या रेझिनातून आम्लात उतरले, लोब-सौरीराजनच्या पडद्यामागे पाण्यातच साठले. पावणेदोनशे वर्षांत क्षार वेगळे करण्याची कला अपार सुधारली, पण वेगळे केलेले क्षार ठेवण्याची जागा अजून ज्याची त्याला शोधावी लागते. पारनेरच्या ज्या गावात आज आरओ प्लांट आहे, तेथे पावसाळ्यापूर्वी करण्यासारखी कामे दोन: प्लांटच्या नळीतून बाहेर पडणारे पाणी कुठे जाते ते पाहणे, आणि पाझर तलावातला गाळ काढणे.

(धागा समाप्त)